माकडशिंग, कब्रस्तान आणि आपली हिरवी घाई

नववीच्या उर्दूच्या तासाला ‘लाला-ए-सहराई’ हा शब्द आला. इक्बाल यांचं हे आवडतं रूपक. ‘बाल-ए-जिब्रील’मध्ये या फुलावर त्यांची स्वतंत्र नज्मच आहे. मी दरवर्षीप्रमाणे फळ्यावर अर्थ लिहिला : वाळवंटातलं रानफूल, कोणी न लावलेलं, कोणी पाणी न घातलेलं, तरी फुलणारं. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “सर, अपने यहाँ भी होता क्या ऐसा फूल?”

मी म्हणालो, “बेटा, आपल्याकडे वाळवंट कुठंय? रिसोडला काळी माती, सोयाबीन, तूर, आणि पलीकडे पैनगंगा.” वर्ग हसला, तास संपला. माझं उत्तर चुकलं होतं. ते कळायला काही दिवस गेले आणि एका मय्यतीला जावं लागलं.

मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांचं दफन होतं. कबर खोदताना खाली दगड लागला म्हणून दोघं जण पहार घेऊन आत उतरले होते, बाकीचे ताटकळत उभे होते. मी मागच्या भिंतीकडे सरकलो. तिथे माती संपते आणि काळा खडक वर येतो. त्या बाजूला कोणाला दफन करत नाहीत, कारण खोदताच येत नाही. त्या खडकाच्या फटीत बोटाएवढे जाड, चौकोनी, हिरवट-राखाडी दांडे उभे होते. पान एकही नाही. शेंड्याकडे बारीक जांभळट-तपकिरी फुलं, मान खाली घातलेली, पाकळ्यांच्या कडेला केसांची झालर.

हे झाड मी आधी पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणजे, माझ्या सांगण्यावरून उपटलं गेलं होतं.

२०१९चा पावसाळा आठवत असेल. राज्य सरकारने त्या वर्षी ३३ कोटी झाडं लावायचं ठरवलं होतं. २०१६ साली २ कोटी, मग ४, मग १३, मग ३३, असा तो चढता आकडा होता. शाळा, कचेऱ्या, पंचायती, सगळे खड्डे खोदण्याच्या कामाला लागले. मीही मुलांना घेऊन गावाबाहेरच्या एका बरडावर गेलो. खड्डे मोजून द्यायचे होते, फोटो पाठवायचे होते. एका मुलाने विचारलं, “सर, हे काय आहे? याचं काय करू?” मी पाहिलं न पाहिलं आणि म्हणालो, “निवडुंगासारखं काहीतरी आहे, काढून टाक.” त्याने काढलं. तसे पाच-सहा झुबके असतील त्या बरडावर, सगळे आम्ही इमानदारीने काढले. जागी गुलमोहर, करंज आणि गिरीपुष्प लावलं. पुढच्या उन्हाळ्यात टाळेबंदी आली, पाणी घालायला कोणी गेलं नाही. पण टाळेबंदी नसती तरी ती रोपं वाचली नसती. खाली चार बोटं मुरूम आणि मग सलग कातळ. गुलमोहर तिथे मुळं कुठे घालणार? आज तिथे खड्डे आहेत, रोप एकही नाही, आणि तो झुबकाही नाही.

कब्रस्तानातल्या झाडाचा फोटो मी महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राला पाठवला. त्याचं उत्तर आलं, “माकडशिंग. कॅरालुमा.” दोन शेंगा शिंगांसारख्या जोडीने येतात म्हणून हे नाव असावं. दुष्काळी मुलखात लोक याचे कोवळे दांडे मीठ लावून खातात, भाजीही करतात. हल्ली याचाच अर्क वजन कमी करायच्या गोळ्यांत भरून जगभर विकला जातो. ज्या झाडाने भुकेच्या दिवसांत माणसाचं पोट धरलं, ते आता भरल्या पोटाच्या माणसांना बारीक करायला वापरतात. हा विनोद कोणाला सुचला असता तर मी दाद दिली असती. ‘कॅरालुमा’ हा शब्द अरबीतून आला असं सांगणारे भेटतात, आणि आम्हा उर्दूवाल्यांना ते ऐकायला गोडही लागतं. पण रॉक्सबर्ग या वनस्पतीशास्त्रज्ञाने तो तेलुगूतून उचलला. शब्द अरबी नसला तरी झाडाचा कबिला मात्र आफ्रिकेपासून अरबस्तानमार्गे हिंदुस्थानापर्यंत पसरलेला आहे. म्हणजे त्या मुलीला मी दिलेलं उत्तर साफ चूक होतं. आपल्याकडे वाळवंट नाही, पण वाळवंटाच्या खानदानातली झाडं आहेत. ती वाळूत राहत नाहीत, आपल्या काळ्या कातळावर राहतात. कातळ मे महिन्यात तव्यासारखा तापतो आणि त्यावर पाणी थांबत नाही. झाडाच्या हिशेबाने ते वाळवंटच.

मित्र पुढे म्हणाला, “माकडशिंग देशात बऱ्याच कोरड्या भागांत आहे, ते आज ना उद्या कुठेतरी सापडेल. पण याची एक बहीण आहे, ती फक्त महाराष्ट्रात आहे. तिच्याबद्दल वाच.” मी वाचलं, आणि गेले काही महिने तेच डोक्यात आहे.

तिचं नाव शिंदळ माकुडी. शास्त्रीय नाव ‘फ्रेरिया इंडिका’. १८६५ साली डाल्झेल नावाच्या स्कॉटिश वन अधिकाऱ्याने तिचं वर्णन छापलं आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचं नाव तिला देऊन टाकलं. जुन्नरच्या डोंगरात गुरं चारणाऱ्या माणसाने तिला त्याच्या कितीतरी आधी पाहिलं असणार, नावही दिलं असणार. पण छापखाना डाल्झेलकडे होता. आता काही अभ्यासकांनी ‘फ्रेरिया’ मोडून तिला कंदीलपुष्पांच्या वंशात नेऊन बसवलं आहे, त्यामुळे गव्हर्नरसाहेब नावाच्या मागच्या बाजूला गेले आहेत. ते असो.

ही वनस्पती जगात फक्त सह्याद्रीच्या महाराष्ट्रातल्या काही मोजक्या कड्यांवर उगवते. शिवनेरी आणि जुन्नरचा परिसर, पुरंदरजवळचा वज्रगड, आणखी थोड्या जागा. उभ्या कड्याच्या फटीत ती लोंबत असते. पावसाळ्यात आणि नंतरच्या काही आठवड्यांत गडद किरमिजी रंगाचं, पिवळ्या खुणांचं, पाच टोकांचं चांदणीसारखं फूल येतं, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंच लहान किंवा तेवढंच. १९८०च्या दशकात आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेने जगातल्या सर्वात संकटात असलेल्या वनस्पतींमधून नमुन्यादाखल बारा निवडल्या, त्यात ही होती. साऱ्या दुनियेतून बारा, आणि त्यातली एक आपल्या शिवनेरीच्या कड्यावरची. मी बीएड केलं, वीस वर्षं शिकवतो आहे, शिवनेरीला सहली नेल्या आहेत. तिथलं शिवरायांचं जन्मस्थान मुलांना दाखवलं, कमानी मशीद दाखवली, ईदगाह दाखवली. या झाडाचं नावही मला माहीत नव्हतं.

या झाडाची जगण्याची रीत तर थक्क करणारी आहे. त्याच्या जवळच्या भाऊबंदांना, माकडशिंगासकट, पानं नावापुरती असतात किंवा नसतातच. हिला मात्र चांगली मांसल पानं येतात, पण फक्त पावसाळ्यापुरती. कोरडे दिवस सुरू झाले की पानं गळतात आणि जाड दांडा उरतो. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आलं की हिची पानं आणि हिचा दांडा दोन वेगळ्या पद्धतींनी श्वास घेतात. पानं इतर साध्या झाडांसारखी, दिवसा हवा घेऊन दिवसाच अन्न करतात. दांडा निवडुंगासारखा : दिवसभर सगळी दारं बंद, पाण्याचा थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही, रात्र झाली, हवा गार झाली की दारं उघडायची, हवा आत घेऊन साठवायची आणि उजाडल्यावर बंद दाराआड तिचं अन्न करायचं. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा एक पोरगा म्हणाला, “सर, म्हणजे पान जेवतंय आणि दांडा रोज्याला आहे.” विज्ञानाच्या शिक्षकाला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं. एकाच झाडाचा एक भाग सुकाळासाठी आणि एक भाग दुष्काळासाठी.

मग एवढं काटक झाड संकटात का? कारण तो काटकपणा उन्हाविरुद्ध आहे, माणसाविरुद्ध नाही. मुळात जागा थोड्या, प्रत्येक जागी झाडं थोडी. डोंगर फोडला, रस्ता रुंद केला, दरड कोसळली, वणवा लावला, की एका दिवसात एक वस्ती संपते. फुलं माश्यांच्या भरवशावर असतात. या कुळात परागकण सुटे नसतात, पिशवीत बांधल्यासारखे गोळ्यांत असतात, त्यामुळे योग्य माशी, योग्य वेळी आली तरच बी धरतं. त्यात पानांवर ‘साध्या रुईकरा’ फुलपाखराच्या अळ्या पोसल्या जातात. आपल्या रुईवर, म्हणजे मदारावर, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या ज्या अळ्या दिसतात, त्याच. रुई हीसुद्धा याच कुळातली. शेंग फुटल्यावर उडणारी ‘म्हातारी’ आपण लहानपणी पकडत होतो, तसंच रेशमी केसांचं बी शिंदळ माकुडीचं असतं. वाऱ्याबरोबर उडतं आणि दहा हजारांतलं एखादंच नेमक्या फटीत पडतं.

आणि एक कारण म्हणजे तिचं देखणेपण. परदेशात अशी मांसल झाडं कुंडीत जमवणाऱ्यांचा मोठा शौक आहे, आता आपल्या शहरांतही आहे. शिंदळ माकुडीचा दांडा तोडून लावला की सहज जगतो. त्यामुळे युरोप-अमेरिकेत कुठे कुठे कोणाच्या काचघरात ती आरामात नांदते आहे, आणि आपल्या कड्यावर मात्र मोजायला बोटं पुरतील अशी अवस्था. पुण्याकडच्या संशोधकांनी कलमं करून, प्रयोगशाळेत रोपं वाढवून पुन्हा कड्यांवर लावण्याचं कामही केलं आहे. त्याबद्दल आदरच आहे. पण ‘कुंडीत आहे ना, मग वाचलं’ असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. कुंडीत माशी नाही, अळी नाही, कडा नाही. उर्दू घरातल्या कपाटात जिल्द बांधून ठेवली आणि घरात कोणी बोलत नसेल, तर भाषा वाचली असं आपण म्हणतो का?

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. शिवनेरी रिसोडहून लांब आहे. तिथल्या झाडासाठी तुम्ही-आम्ही फार काही करू शकत नाही, एवढंच की सहलीला गेलो तर तोडून आणायचं नाही. पण ज्या विचाराने ते झाड संपतं, तो विचार आपल्या गावात रोज काम करतो आहे. त्या विचाराचं नाव ‘पडीक’.

वऱ्हाडात ई-क्लास जमीन म्हणजे काय हे सांगायला नको. गावची गुरं चरायची सरकारी जमीन. सातबाऱ्यावर पडीक, नकाशावर पडीक. केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागाने आणि हैदराबादच्या सुदूर संवेदन केंद्राने मिळून देशातल्या पडीक जमिनींचे नकाशासंग्रह काढले आहेत. त्यात झुडपी माळ आणि उघडा कातळ हे पडीकचेच प्रकार म्हणून मोजलेत. एकदा कागदावर पडीक लिहिलं की मग तिथे काहीही करणं हे सुधारणाच ठरतं. मुरूम काढा, सुधारणा. प्लॉट पाडा, सुधारणा. सौर पट्ट्या बसवा, सुधारणा. मी सौर विजेच्या विरोधात नाही. रात्री-बेरात्री पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली तर मला आनंदच आहे. पण जागा ठरवणाऱ्याने एकदा पावसाळ्यात त्या माळावर फिरून यावं, एवढीही अपेक्षा जास्त आहे का?

आणि सगळ्यात भोळी सुधारणा म्हणजे झाडं लावणं. तिला कोणी विरोधच करू शकत नाही. झाड लावणाऱ्याला कोण वाईट म्हणेल? मी स्वतः म्हणतो आहे, कारण मी ते केलं आहे. गवताळ माळ हा जंगल व्हायचं राहून गेलेला तुकडा नाही. ती तशीच असायची जागा आहे. आपल्याच वाशिम जिल्ह्यात कारंजा-सोहोळचं अभयारण्य आहे, ते काळविटांसाठी आहे. काळवीट दाट झाडीत राहत नाही, त्याला उघडं गवत लागतं. तणमोरासारखा दुर्मिळ पक्षी पावसाळ्यात अकोला-वाशिमच्या गवतात येतो, नर गवतातून उड्या मारून मादीला बोलावतो. तिथे सुबाभूळ लावली की त्याला घर राहत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या काही फासेपारधी वस्त्यांनी गवत राखून, त्याची निगराणी करून तणमोराला जागा ठेवली आहे. ज्यांना आपण शिकारी म्हणून गावाबाहेर ठेवलं, त्यांना कळलं. आम्हा शिकलेल्यांना नाही कळलं.

आता दीनची बाजू. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात आमच्याकडे एक हदीस हमखास सांगितली जाते. कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हातात रोप असेल, तर जमलं तर ते लावून टाका, असा तिचा आशय. फार मोठी गोष्ट आहे ती. मीही कितीतरी भाषणांत सांगितली. पण लावण्याच्या हदीससोबत राखण्याच्या, न तोडण्याच्या, हात न लावण्याच्या ज्या गोष्टी आहेत त्या आपण सांगत नाही, कारण त्यांचा फोटो निघत नाही.

रसूलुल्लाह (स.) यांनी मदिन्याच्या दोन ‘लाबां’मधला सगळा भाग हरम ठरवला : तिथली झाडं तोडायची नाहीत, शिकार करायची नाही. लाबा म्हणजे काय हे मी पूर्वी मुलांना नुसतं ‘दोन टेकड्या’ असं सांगून मोकळा होत असे. लाबा म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेलं काळ्या दगडाचं मैदान. मदिना अशा दोन काळ्या मैदानांच्या मध्ये आहे. आणि आपलं वऱ्हाड? तेही लाव्हाच आहे. तोच काळा बेसाल्ट. आपल्यापासून तासाभरावर लोणारचं विवर आहे, ते याच दगडात पडलेलं. काळ्या दगडाच्या मुलखातली हिरवळ किती नाजूक असते हे ज्यांना माहीत होतं, त्यांनी तो हुकूम दिला होता.

मक्केच्या हरमबद्दलचा हुकूम त्याहून स्पष्ट आहे. तिथलं काटेरी झुडूपसुद्धा तोडायचं नाही. काटेरी! ज्याचा कोणाला काही उपयोग नाही, ज्याला आपण पहिल्यांदा जेसीबी लावतो, तेच नाव घेऊन राखलं. तेव्हा हजरत अब्बास (रजि.) यांनी अर्ज केला की ‘इझखिर’ला सूट द्यावी, कारण ते घरांना आणि कबरींना लागतं. सूट मिळाली. इझखिर हे सुगंधी गवत आहे, आपल्या रोशा गवताच्या आणि गवती चहाच्या जातीतलं. म्हणजे नियम असा की आधी सगळं राखलेलं, आणि गरज दाखवली तर तेवढ्यापुरती मोकळीक. आपला नियम उलटा : आधी सगळं मोकळं, आणि कोणी फार ओरडलं तर तेवढ्यापुरतं राखलेलं.

आणि ‘हिमा’. राखीव कुरण. मदिन्याजवळ नकी इथे रसूल (स.) यांनी हिमा राखली होती. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी हिमेवर माणूस नेमला तेव्हा त्याला बजावलं की ज्याच्याकडे थोडी शेळ्या-मेंढरं आहेत त्या गरिबाला आत येऊ दे, आणि मोठ्या कळपवाल्या बड्या मंडळींना बाहेर ठेव, त्यांचे कळप मेले तर त्यांच्याकडे बागा आणि शेतं आहेत, गरिबाकडे काही नाही. ही रिवायत मला ई-क्लास जमिनीच्या प्रत्येक भांडणात आठवते. कुंपण घालून माणसांना हाकलणं म्हणजे संवर्धन, असं त्यात नाही. उलट कास पठारावर कुंपण घालून गुरं थांबवल्यावर फुलं कमी झाल्याची तक्रार तिथल्याच लोकांनी केली होती. चरणारी दोन गुरं आणि मुरूम नेणारे वीस टिप्पर यांच्यात फरक करता आला पाहिजे. हजरत उमर यांनी तो केला होता.

आता आमच्या कब्रस्तानाकडे येतो, कारण हा लेख त्यासाठीच आहे.

मागचा खडकाळ भाग सपाट करायचा बेत आहे. जेसीबी लावायचा, मुरूम भरायचा, वरून पेव्हर ब्लॉक आणि कडेने शोभेची झाडं. त्याआधी तणनाशक मारून सगळं ‘साफ’ करायचं. बेत करणारी माणसं भली आहेत. खिशातले पैसे घालणार आहेत. त्यांची कारणंही खोटी नाहीत. पावसात जनाजा घेऊन चालताना पाय घसरतात, मागच्या वर्षी एक जण पडलाही. साप निघतात. शब-ए-बरातला लोक येतात तेव्हा काटे लागतात. मी कमिटीतल्या एका चाचांना म्हणालो की मागचा तुकडा सोडून द्या, तिथे एक झाड आहे. ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, “मास्तर, लोग मुर्दों के लिए जगह माँग रहे, और तुम काँटों के लिए?”

चोख सवाल आहे. माझं उत्तर असं.

पहिलं, तिथे मुर्द्यांना जागा होणारच नाही. कातळावर मुरूम टाकून कबर खोदता येत नाही. मागचा तुकडा दफनाच्या कामाचा कधी नव्हता, होणारही नाही. दुसरं, रस्ता जरूर करा. दरवाज्यापासून मधल्या भागापर्यंत ब्लॉक बसवा, दिवे लावा, मी वर्गणी देतो. तिथे राखण्यासारखं काही नाही, गाजर गवत आहे, ते तर काढलंच पाहिजे. भिंतीला चिकटून वेडी बाभूळ वाढली आहे, तीही काढा. ‘सगळं जसं आहे तसं ठेवा’ असं मी म्हणत नाही. लोणारच्या विवरात याच विलायती बाभळीने मूळच्या झाडांना हटवलं आणि ती काढण्याचं काम सरकारला करावं लागलं. बाहेरून आलेलं घुसखोर झाड आणि मूळचं झाड यांत फरक आहे, आणि तो ओळखायला शिकावं लागतं. मी चाळिशी ओलांडल्यावर शिकतो आहे.

तिसरी गोष्ट मौलाना साहेबांना विचारली, कारण कमिटीत माझ्यापेक्षा त्यांचं वजन जास्त. हनफी फिकहच्या किताबांत कबरींवरचं ओलं, हिरवं गवत उपटणं मकरूह सांगितलं आहे. वाळलेलं काढायला हरकत नाही. कारण असं की हिरवं आहे तोवर ते अल्लाहची तस्बीह करतं आणि मय्यतीला त्याचा दिलासा असतो. मौलाना साहेब म्हणाले, मसला तसाच आहे. मग मी विचारलं, तणनाशकाचं काय? ते थोडे थांबले आणि म्हणाले, “उपटणं मकरूह असेल तर जाळणं कसं चालेल?” आपण सगळे बरातच्या आधी पंप पाठीवर घेऊन काय करतो, हे मग दोघांनीही बोललो नाही.

कब्रस्तानं, ईदगाहांच्या मागचे माळ, दर्ग्यांच्या टेकड्या, आणि आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या देवराया, स्मशानभूमी, म्हसोबाचे माळ : या जागा कोणी नांगरल्या नाहीत, म्हणून गावात इतरत्र संपलेलं बरंच काही तिथे उरलं आहे. कोणी संवर्धन म्हणून राखलं नाही. भीतीने राखलं, अदबीने राखलं, कधी नुसत्या आळसाने राखलं. आता पैसा आला, जेसीबी तासावर मिळतो, आणि आळसाचं संरक्षण संपलं. यापुढे जे राहील ते कोणीतरी ठरवून ठेवलं तरच राहील. आणि वक्फची जमीन ही विकायची नसते, वाटायची नसते, हे आपण अभिमानाने सांगतो. तिच्यावर काय उगवतं त्याचीही थोडी माहिती असू द्या. प्रत्येक गावच्या उर्दू शाळेतल्या एका शिक्षकाने पावसाळ्यात एक फेरी मारून, मोबाईलवर फोटो काढून, जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्रवाल्याला दाखवले तरी पुरे. उपटायचं नाही, घरी कुंडीत आणायचं नाही, आणि नेमकी जागा फेसबुकवर टाकायची नाही. हे शेवटचं मुद्दाम सांगतो, कारण गोळ्या बनवणारेही फेसबुक वाचतात. माझ्या गावातलं कब्रस्तान कोणतं, हे मी याच कारणाने लिहिलेलं नाही.

कमिटीची बैठक येत्या इतवारी असरनंतर आहे. मी दोरी घेऊन मोजून आलो : सोळा पावलं लांब, अकरा पावलं रुंद, एवढाच तुकडा मागणार आहे. दांडे मोजले, नऊ झुबके आहेत. चाचा अजून राजी नाहीत. पण परवा जुम्म्यानंतर ते स्वतःच मागे गेले होते, काठीने एका झुबक्याला हळूच टोचून पाहिलं आणि मला म्हणाले की लहानपणी दुष्काळात त्यांच्या अम्मी हेच मीठ लावून द्यायच्या. नाव मात्र त्यांना आठवेना.

तो सवाल विचारणारी मुलगी आता दहावीत आहे. तिला मी खरं उत्तर अजून दिलेलं नाही. मुलींना कब्रस्तानात नेण्यावरून आमच्याकडे वेगळा वाद होईल आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण मागची भिंत कमरेएवढीच आहे आणि पलीकडे रस्ता आहे. पाऊस लागून तीन-चार आठवडे झाले की शाळा सुटल्यावर वर्गाला त्या रस्त्याने घेऊन जाईन.